जुगाराचे आमंत्रण आणि कायद्याची नजर

२० जुलै २०२५ चा रविवार लातूरकरांना आठवत असेल. राष्ट्रवादी काँग्रेसचे नेते सुनील तटकरे त्या दिवशी लातूर शहरात होते. राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेच्या सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत आहेत, असा आरोप करणारी चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी त्याच दिवशी प्रसिद्ध केली होती. छावा संघटनेचे कार्यकर्ते निषेधाचे निवेदन घेऊन तटकरे यांच्याकडे गेले आणि त्यांनी त्यांच्यासमोरील टेबलावर पत्ते टाकले. पुढे मारहाण झाली, मराठवाड्यात संताप उसळला आणि पक्षाच्या युवक शाखेच्या प्रदेशाध्यक्षाला पद सोडावे लागले. ३१ जुलै रोजी कोकाटे यांच्याकडील कृषी खाते काढून घेण्यात आले व त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. रमीला ‘खेळ’ म्हणवून घेणाऱ्या कंपन्यांना यात काही विशेष वाटले असेल की नाही, कोण जाणे!

कोकाटे यांनी आरोप नाकारला. आपण रमी खेळत नव्हतो, मोबाइलच्या पडद्यावर तो खेळ आपोआप समोर आला व आपण तो बंद करीत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. खरेखोटे काय, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. त्यांचा खुलासा जसाच्या तसा खरा मानला, तरी त्यातून निघणारा अर्थ कमी गंभीर नाही. पैसे लावून खेळायच्या खेळाचे आमंत्रण राज्याच्या कृषिमंत्र्याच्या हातात, भर सभागृहात, त्याने न मागता येऊन पडते. मग औसा तालुक्यातील शेतमजुराच्या मुलाच्या मोबाइलवर ते दिवसातून किती वेळा येत असेल? त्या दिवशी पत्ते कोणी खेळले, यावर सर्वांनी चर्चा केली. पत्ते वाटले कोणी, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

महिनाभराने दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. १८ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, हसनाळ, रावणगाव ही गावे पाण्याने वेढली गेली, माणसे आणि जनावरे दगावली. आपल्या भागाचे सारे लक्ष तिकडे असताना दिल्लीत २० ऑगस्ट रोजी लोकसभेने आणि २१ ऑगस्ट रोजी राज्यसभेने ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक मंजूर केले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. दोन्ही सभागृहांत चर्चा जवळजवळ झालीच नाही आणि आपल्याकडे तर त्या दिवसांत त्याची कोणी दखलही घेतली नाही. ते स्वाभाविकच होते. आता मात्र या कायद्याकडे शांतपणे पाहायला हवे.

कायदा थोडक्यात असा आहे. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, लोकांना उपलब्ध करून देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा खेळासाठी पैशांची देवघेव करून देणाऱ्या बँका व पेमेंट कंपन्यांना तीच शिक्षा. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खेळणाऱ्याला? काहीही नाही. सरकारने त्याला गुन्हेगार न मानता बळी मानले आहे. देशातील सुमारे ४५ कोटी लोक या खेळांच्या कचाट्यात सापडून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता.

माझ्या मते या कायद्यातील सर्वांत मोलाची गोष्ट ही शेवटचीच आहे. खेळणाऱ्यावरून नजर उचलून ती आमंत्रण देणाऱ्यावर रोखली गेली. आपल्याकडील जुगाराच्या कायद्याचा इतिहास पाहिला, तर ही नजर सव्वाशेहून अधिक वर्षे उलट दिशेला होती, असे दिसते.

नांदेड किंवा लातूरचे कोणतेही दैनिक उघडावे. अमुक शिवारात लिंबाच्या झाडाखाली तिर्रट खेळताना सात जण पकडले, रोख रक्कम, मोबाइल, दुचाकी असा मुद्देमाल जप्त. तमुक चौकात झन्नामन्ना. पानटपरीच्या आडोशाला कल्याण मटक्याचे आकडे घेणारा ताब्यात. ही बातमी पन्नास वर्षांपूर्वीही अशीच छापली जात असे. तेव्हा मोबाइल नव्हते एवढाच फरक. या कारवाया १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली होतात. तोच आज महाराष्ट्राचा कायदा आहे. खेळणारे किरकोळ दंड भरून सुटतात आणि पुढच्या अमावास्येला दुसऱ्या झाडाखाली बसतात. पकडले जाणारे कोण? शेतमजूर, हमाल, ऑटोचालक, क्वचित एखादा शिक्षक. मटक्याचा मूळ मालक त्या बातमीत कधी नसतो.

मटक्याची कथाच मुळी बातमीतून पैसा करण्याची कथा आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारयंत्राने मुंबईस येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले, तेव्हा आकडे काढण्याची दुसरी रीत शोधण्यात आली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापसाशी संबंध तुटला, आकडे मात्र राहिले. मुंबईत निघालेला आकडा मराठवाड्यातल्या खेड्यापर्यंत पोहोचत होता, तो पोहोचवणाऱ्या माणसांच्या साखळीमुळे. त्या काळच्या कायदेकर्त्यांना हे थोडे उमगले होते. जुगाराला साह्य व्हावे या हेतूने आकडे वा माहिती छापणाऱ्यास, विकणाऱ्यास, वाटणाऱ्यास पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, अशी तरतूद त्या कायद्याच्या कलम १२(अ) मध्ये आहे. म्हणजे कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहिणारा टपरीवाला अटकेस पात्र होता, आणि दूरचित्रवाणीवर रमीचे आमंत्रण देणारा नट ‘ब्रँड अ‍ॅम्बॅसॅडर’ म्हणून मिरवत होता.

हे कसे घडले? येथे आपल्या मराठवाड्याचा एक जुना धागा सापडतो, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९५६ पर्यंत नांदेड, लातूर हा सारा भाग हैदराबाद राज्यात होता. तेथे निजामाच्या काळातील, फसली सन १३०५ चा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा जुगार कायदा लागू होता. राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला. पण तेलंगण भागात तो जुना कायदा चालूच राहिला. सिकंदराबादच्या एका क्लबवर त्याखाली पोलिसांनी छापा घातला. सभासद पैसे लावून रमी खेळत होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये दिलेल्या निकालात न्यायालयाने म्हटले की तीन पत्त्यांच्या खेळात निव्वळ नशीब असते, परंतु रमीत कोणते पत्ते पडले हे लक्षात ठेवावे लागते, पत्ते जुळवावे लागतात, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. आमच्याकडचे तिर्रट म्हणजे हाच तीन पत्त्यांचा खेळ. झाडाखालचे तिर्रट गुन्हा ठरले, रमी सुटली.

ऑनलाइन रमीचा सारा व्यवसाय पुढे या एका निकालाच्या पायावर उभा राहिला. कंपन्यांच्या प्रत्येक वकिलाने तो प्रत्येक न्यायालयात वाचून दाखवला. पण त्याच निकालात पुढे आणखी एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की क्लबचा वा जागेचा मालक जर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून स्वतः नफा कमावीत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. सिकंदराबादच्या क्लबात सभासद आपसात खेळत होते, क्लब फक्त माफक शुल्क घेत होता. ऑनलाइन कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा काढते. तोच तिचा धंदा. निकालाचा पहिला भाग देशभर गाजला आणि दुसरा भाग कपाटात राहिला.

त्याआधीचे १९५७ चे प्रकरणही येथे आठवते. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धा बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चालत. मुंबई राज्यातले लोक हे साप्ताहिक विकत घेत, त्यातील कूपन भरीत, पैसे पाठवीत. येथे वृत्तपत्र हीच जाहिरात होती आणि जाहिरात हाच जुगाराचा फड होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी निःसंदिग्धपणे सांगितले की जुगार हा ‘व्यापार’ नव्हेच, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मागता येणार नाही. संसदेने १९५५ च्या कायद्याने अशा बक्षीस-स्पर्धांवर कमालीची साधी मर्यादा घातली होती: महिन्याला एकूण हजार रुपयांपेक्षा अधिक बक्षीस नाही आणि दोन हजारांपेक्षा अधिक प्रवेशिका नाहीत. बक्षिसाचा आकडा छोटा झाला की जाहिरात आपोआप फिकी पडते. त्या पिढीच्या खासदारांना हे समजले होते.

आता पुन्हा आपल्या सीमेवर येऊ. नांदेड जिल्ह्यातील धर्माबादहून तेलंगणातील बासर अगदी जवळ आहे; सरस्वतीच्या दर्शनासाठी आपल्याकडचे अनेक जण तेथे जातात. बासर ज्या मुधोळच्या परिसरात येते तो परिसर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता. २०१७ मध्ये तेलंगणाने आपल्या जुगार कायद्यात दुरुस्ती करून कौशल्याचा खेळ म्हणून मिळणारी सूट ऑनलाइन खेळांना नाकारली आणि पैशांच्या ऑनलाइन रमीवर बंदी घातली. तेव्हापासून कंपन्यांची अ‍ॅप्स मोबाइलचे ठिकाण तपासून तेलंगणात खेळू देत नसत. धर्माबादमध्ये तोच खेळ राजरोस चाले. तिकडे उदगीर, निलंग्याच्या सीमेपलीकडे बीदर. तेथे कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये बंदी आणली आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या राज्याच्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एकेकाळी एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली नांदणारी तीन गावे. आणि एकाच अ‍ॅपविषयी तीन उत्तरे. महाराष्ट्राचे उत्तर काय होते? मौन. जुगार हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे, तरी २०१७ ते २०२५ या आठ वर्षांत आपल्या विधिमंडळाने ऑनलाइन रमीविषयी कायदा केला नाही. कॅसिनोंविषयीचा १९७६ चा कायदा, जो कधी अमलातच आला नव्हता, तो मात्र २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय झाला. ते योग्यच झाले. पण कॅसिनो तोवर प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला होता.

या आठ वर्षांत जाहिरातींनी काय केले, हे वाचकांनी स्वतः पाहिले आहे. टाळेबंदीच्या २०२० या वर्षी, लोकांच्या हाताला काम नसताना, आयपीएल स्पर्धेला एका फँटसी गेमिंग कंपनीचे नाव लागले. २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर त्याच ‘ड्रीम ११’ कंपनीचे नाव आले, ते नवा कायदा होताच ऑगस्ट २०२५ मध्ये उतरले. सचिन तेंडुलकर एका गेमिंग कंपनीच्या जाहिरातीत दिसत, म्हणून तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी ३१ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले व भारतरत्न परत करण्याची मागणी केली. वर्तमानपत्रांनी त्याकडे तमाशा म्हणून पाहिले. मागणीची भाषा मलाही अतिरेकी वाटली होती. मुद्दा मात्र नेमका होता: ज्या माणसावर देश विश्वास ठेवतो त्याचा चेहरा भाड्याने घेतला, की विश्वासही भाड्याने मिळतो.

नियम नव्हते असे नाही. डिसेंबर २०२० पासून जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने काही बंधने घातली होती. या खेळात आर्थिक जोखीम आहे व सवय लागू शकते, ही सूचना हवी. छापील जाहिरातीत तिला एक पंचमांश जागा हवी. हा खेळ म्हणजे उत्पन्नाचे वा रोजगाराचे साधन आहे असे भासवू नये. अठरा वर्षांखालील मुले दाखवू नयेत. प्रत्यक्षात काय झाले? ती सूचना इतक्या घाईने उच्चारली जाई की हरभऱ्याच्या पाखडणीत सुपातून भुसा उडावा तसे शब्द उडून जात. आणि ज्या जाहिरातीत एखादा सामान्य तरुण ‘मी इतके लाख जिंकलो’ असे सांगतो, ती उत्पन्नाचे साधन भासवत नाही, असे कोणत्या मराठीत म्हणता येईल? स्वयंनियमनाचा मूळ दोष हाच की नियम मोडणाऱ्याचे नुकसान नियम पाळणाऱ्यापेक्षा कमी होते.

लातूरचे उदाहरण घेऊ, कारण ते वेगळे आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या यशातून जन्मलेल्या ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरातून हजारो मुले-मुली येथे येतात, नांदेडलाही आता तसेच आहे. सोळा-सतरा वर्षांचे वय, घरापासून दूर खोलीत एकटे, अभ्यासासाठी लागतो म्हणून हाती मोबाइल आणि महिन्याच्या खर्चासाठी वडिलांनी खात्यात पाठवलेले पैसे. परीक्षेतले अपयश कुणाला सांगावे हे न कळणाऱ्या मुलाला रात्री अकरा वाजता जो आवाज ‘ये, पन्नास रुपयांचा बोनस घे’ म्हणतो, तो आवाज त्याला मित्राचा वाटतो. अठरा वर्षांची अट आहे. पण वडिलांच्या आधार कार्डाचे छायाचित्र मोबाइलमध्ये असतेच, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी काढलेले.

या धंद्याचे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा सहा जण प्रत्येकी शंभर रुपये लावून बसले आणि कंपनी शेकडा दहा वाटा घेते. डावात जमले सहाशे, कंपनीने घेतले साठ, जिंकणाऱ्याला मिळाले पाचशे चाळीस. त्याला वाटते, आपण जिंकलो. असे दहा डाव झाले की कंपनीकडे सहाशे रुपये गेले, म्हणजे पहिल्या डावात टेबलावर असलेली सारी रक्कम. सहाही जण सारखेच कुशल असले, तरी सरासरीने प्रत्येकाचे शंभर रुपये गेलेले असतात, आणि शंभर डाव खेळले तर हजार. ‘कौशल्य’ या शब्दाने फक्त एवढेच ठरते की सहांपैकी कोणाचे पैसे आधी संपणार. सोयाबीनचा २०२५–२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. एका क्विंटलमागची पेरणी, फवारणी, काढणी आणि मळणी पाहिलेल्या बापाला हे सांगून पाहावे की तुमचा एक क्विंटल काल रात्री अकरा ते एक या वेळात गेला.

सरकारने इतकी वर्षे डोळेझाक का केली, हा प्रश्न अडचणीचा आहे, तरी विचारायला हवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, तोही भरलेल्या पूर्ण रकमेवर. पुढे केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितले की सहा महिन्यांत या कराचे उत्पन्न १,३४९ कोटींवरून ६,९०९ कोटींवर गेले. ज्या झाडाची फळे तिजोरीत पडतात त्यावर कुऱ्हाड घालणे कठीण असते. केंद्राने शेवटी ती घातली, याचे श्रेय द्यायला हवे. पण महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १२ एप्रिल १९६९ पासून चालू आहे. मटक्याच्या नादातून लोकांना बाहेर काढावे असा चांगला हेतू तेव्हा सांगितला गेला होता. मटका राहिला, लॉटरीही राहिली. नव्या कायद्याचा कागदी लॉटरीशी वा मटक्याशी काही संबंध नाही.

आता दुसरी बाजू. गेमिंग कंपन्यांचे म्हणणे आहे की सरसकट बंदीने कर बुडेल, नोकऱ्या जातील आणि खेळणारे परदेशी, बेकायदा अ‍ॅपकडे वळतील. त्यापेक्षा कडक नियमन करा. या कायद्याला कर्नाटक, दिल्ली व मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांत आव्हान दिले गेले आणि ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे स्वतःकडे घेतली. कंपन्यांच्या पहिल्या दोन मुद्द्यांत मला फारसा दम दिसत नाही. तिसरा मात्र खरा आहे. २०२२ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत केंद्राने सट्टा-जुगाराच्या चौदाशेहून अधिक संकेतस्थळांवर व अ‍ॅपवर बंदीचे आदेश काढले होते. तरी क्रिकेटचा सट्टा थांबलेला नाही. एक बंद केले की नावातले एक अक्षर बदलून दुसरे उघडते. वृत्तसंकेतस्थळाचा वा खेळाच्या कपड्यांचा आडोसा घेऊन त्यांच्या जाहिराती येत राहतात.

बंदी की नियमन, या वादात इतर देशांचा अनुभव उपयोगी आहे. ब्रिटनने २००५ चा कायदा सप्टेंबर २००७ पासून लागू केला आणि दूरचित्रवाणीवर जुगाराच्या जाहिरातींना दार उघडले. पुढची सारी वर्षे त्यांनी ते दार थोडे थोडे लोटण्यात घालवली आहेत: दुकानांतील यंत्रांवरची कमाल पैज २०१९ मध्ये शंभर पौंडांवरून दोन पौंडांवर आणली, एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यास मनाई केली, २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉट खेळांत प्रौढांसाठी पाच पौंड आणि पंचविशीच्या आतल्यांसाठी दोन पौंड अशी मर्यादा घातली. कॅथलिक बहुसंख्या असलेल्या इटलीने २०१८ मध्ये जुगाराच्या जाहिरातींवर जवळजवळ पूर्ण बंदी आणली, जुगारावर नव्हे. आपल्याच देशातील तामिळनाडूने २०२५ मध्ये मध्यरात्री ते पहाटे पाच पैशांचे खेळ बंद ठेवण्याचा नियम केला आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. या साऱ्यांत एक समान सूत्र आहे. खेळणाऱ्याला उपदेश करण्यापेक्षा पैज लहान करणे, वेळ तोडणे, उधारीचा पैसा अडवणे आणि आमंत्रण बंद करणे अधिक परिणाम करते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कोणत्याही बाजूने लागो, महाराष्ट्राला या चार गोष्टींपासून सुटका नाही.

आणि येथेच नव्या कायद्यातील एक उणीव डोळ्यांत खुपते. खेळ उपलब्ध करून देणे (कलम ५) व पैशांची देवघेव करणे (कलम ७) हे गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र केले आहेत. मधले कलम ६ जाहिरातीचे. ते या यादीत नाही. म्हणजे जाहिरात करणारा गुन्हेगार आहे, पण पोलिसांनी तातडीने धरावा असा नाही. मटक्याची चिठ्ठी वाटणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडण्याची मुभा जुन्या कायद्याने दिली होती, हे येथे पुन्हा आठवावे. दूरचित्रवाणीवरील मोठ्या जाहिराती थांबल्या हे खरे. पण त्यांची जागा छोट्या चित्रफितींनी, टेलिग्राम गटांनी आणि गावातल्या ‘आयडी’ वाटणाऱ्या एजंटाने घेतली तर? हा एजंट जिल्ह्याच्या ठिकाणी राहतो, लग्नात आहेर करतो, क्रिकेट स्पर्धांना बक्षिसे देतो. त्याला पकडायला दिल्लीचा कायदा पुरत नाही, स्थानिक पोलीस ठाणे लागते. कलम ६ दखलपात्र व्हावे आणि राज्याने १८८७ च्या कायद्यात ऑनलाइन आमंत्रणाचा स्पष्ट उल्लेख करावा, या दोन मागण्या नांदेड-लातूरच्या लोकप्रतिनिधींकडे लेखी करण्यासारख्या आहेत. पक्ष कोणताही असो. जुलैत पत्ते दोन्ही बाजूंनी उडाले होते.

ख्रिस्तसभेची याविषयीची भूमिका अनेक श्रद्धावंतांना वाटते तशी सरसकट निषेधाची नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातील २४१३ व्या परिच्छेदात नशिबाचे खेळ व पैज यांना मूलतः अन्याय्य म्हटलेले नाही. स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजेचे त्यामुळे हिरावले जाते तेव्हा ते अग्राह्य ठरतात, आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशारा तेथे आहे. ही कसोटी मला फार व्यवहारी वाटते. ती पत्त्यांकडे पाहत नाही, घरातल्या डब्याकडे पाहते: पीठ आहे का, मुलीची फी भरली का.

याच कसोटीने आपले स्वतःचे अंगण तपासायला हरकत नाही. धर्मग्रामाच्या सणाला हाउजी, नाताळच्या जत्रेत लकी ड्रॉ, इमारत निधीसाठी रॅफलची तिकिटे. हे आपल्याकडे शहरांतून गावांत आले आणि रुळले. वीस रुपयांच्या हाउजीने कुणाचे घर बुडाल्याचे मी ऐकलेले नाही, आणि त्या संध्याकाळचा आनंदही निर्मळ असतो. तरी तिकिटांची पुस्तके बालधर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांच्या हाती देऊन ‘सर्वांत जास्त कोण विकतो’ अशी चढाओढ लावणे मला योग्य वाटत नाही. आमंत्रण देणाऱ्यावर कायद्याने नजर ठेवावी असे म्हणताना दहा वर्षांच्या मुलाला आमंत्रणाचे काम शिकवणे विसंगत आहे. धर्मग्राम परिषदांनी येत्या नाताळपूर्वी यावर विचार करावा: तिकिटे प्रौढांनीच विकावीत, किंमत लहान ठेवावी, जमा-खर्च फलकावर लावावा.

शेवटी ज्या घरात हे संकट आधीच शिरले आहे त्यांच्यासाठी. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने गप्प बसण्याचे कारण उरलेले नाही. मुलाला, नवऱ्याला हे आधी सांगावे. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचे नवे कर्ज काढून जुने फेडू नये. बँकेत जाऊन यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी करून घेता येते. पैसे फसवणुकीने गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार कराल तितके बरे. आणि सवय सुटत नसेल, रात्री झोप लागत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन विनाशुल्क आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते.